वीस वर्षांपुढची गर्दी कशी मोजतात

वांद्रे-कुर्ला संकुलाच्या नियोजनाचं काम 1977 मध्ये तेव्हाच्या बीएमआरडीएकडे, म्हणजे आजच्या एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) आलं. रोज सकाळी दक्षिण मुंबईकडे धावणारा लोंढा वाटेतच थांबवायचा, कचेऱ्या उत्तरेला आणायच्या, असा त्यामागचा विचार होता. तो बऱ्याच अंशी खराही झाला. बँका आल्या, राष्ट्रीय शेअर बाजार आला, 2010 मध्ये हिरे बाजार आला. मेट्रो मात्र संकुलाच्या दारात पोचली ती ऑक्टोबर 2024 मध्ये. तोवर तिथल्या नोकरदारांनी वांद्रे आणि कुर्ला स्टेशनांबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहून दिवस काढले.

नियोजनच नव्हतं, असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण ते खरं नाही. 1962 च्या सुमारास विल्बर स्मिथ या अमेरिकी कंपनीने मुंबईच्या रस्त्यांचा अभ्यास केला. 1994 मध्ये डब्ल्यू. एस. ॲटकिन्स या ब्रिटिश कंपनीने अख्ख्या महानगर प्रदेशाचा केला. 2008 मध्ये कॅनडाच्या ली इंटरनॅशनलने ‘सर्वंकष वाहतूक अभ्यास’ पूर्ण केला आणि पुढे तो अद्ययावतही झाला. जोडीला 1973, 1999 आणि 2021 मध्ये मंजूर झालेले तीन प्रादेशिक आराखडे आहेत. कागद कमी पडले नाहीत. असा कागद तयार कसा होतो, त्यातला आकडा कुठून येतो, कुठे पक्का असतो आणि कुठे ठिसूळ, हे एकदा नीट पाहिलं की 1977 ते 2024 हा हिशोब बराचसा सुटतो.

सुरुवात हद्दीपासून करू. बदलापूरला राहून लोअर परळला नोकरी करणारी बाई घरपट्टी कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेला भरते, प्रवास मध्य रेल्वेने करते आणि उतरल्यावर चालते ती मुंबई महापालिकेच्या पदपथावरून. तिच्या एका प्रवासाचा विचार करायला यांतली एकही संस्था पुरेशी नाही. म्हणून ‘महानगर प्रदेश’ हे एकक धरतात. मुंबई महानगर प्रदेश आज उत्तरेला पालघरपासून दक्षिणेला अलिबागपर्यंत, सहा हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे. त्यात नऊ महापालिका आहेत, नगरपरिषदा आहेत आणि शेकडो गावं आहेत. 2011 च्या जनगणनेत एकट्या बृहन्मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख भरली होती.

या प्रदेशाचा आराखडा एमएमआरडीए करते, पण आराखड्यातली सगळ्यात मोठी वस्तू, म्हणजे लोकल, तिच्या हातात नाही, ती रेल्वेची. बस बेस्टच्या आणि त्या त्या महापालिकेच्या उपक्रमाच्या. नवी मुंबईत सिडको, मोठ्या रस्त्यांवर एमएसआरडीसी किंवा सार्वजनिक बांधकाम खातं. मेट्रोतसुद्धा पहिली मार्गिका एका खासगी भागीदारीच्या कंपनीची, तिसरी वेगळ्या सरकारी कंपनीची, बाकीच्या बहुतेक एमएमआरडीएच्या. ज्याच्याकडे नकाशा आहे त्याच्याकडे चाव्या नाहीत. ही गोष्ट पुढे पुन्हा आडवी येणार आहे.

काल तुम्ही कुठे कुठे गेलात?

कामाची सुरुवात आजच्या मोजणीने होते. एक पायाभूत वर्ष ठरवतात आणि त्या वर्षी माणसं कुठून कुठे, कधी, कशाने आणि कशासाठी जातात हे शोधतात. त्यासाठी प्रदेशाचे छोटे छोटे तुकडे पाडतात, त्यांना झोन म्हणतात. 2008 च्या अभ्यासात असे हजारभर झोन होते. दाट वस्तीत झोन लहान, खेड्यांकडे मोठा.

मग घरोघरी सर्वेक्षण. त्या अभ्यासासाठी सुमारे 66 हजार घरांत माणसं पाठवली गेली. घरात किती जण, कमावते किती, उत्पन्न किती, वाहन कोणतं, हे विचारून झालं की मुख्य प्रश्न येतो: काल घरातलं प्रत्येक माणूस कुठे कुठे गेलं? प्रश्न सरळ आहे, उत्तर नाही. दार उघडणारा माणूस सगळ्यांच्या वतीने बोलतो. ‘मी कामावर गेलो आणि आलो’ एवढं त्याला पक्कं आठवतं. घरातली बाई मुलाला शाळेत सोडून, परतताना भाजी घेऊन, दुपारी सासूला दवाखान्यात नेऊन आली असेल, तर या फेऱ्या नोंदवहीत निम्म्याच उतरतात. चांगला सर्वेक्षक खोदून विचारतो. घाईतला विचारत नाही. पुढच्या वीस वर्षांचं गणित या घाईवर उभं राहतं, म्हणून आराखडा वाचताना नमुना कसा घेतला हे पान उलटून टाकू नये.

एवढं करून 2008 च्या अभ्यासात जे दिसलं ते मला त्या सगळ्या दस्तऐवजातलं सर्वात मोलाचं वाटतं. प्रदेशातल्या रोजच्या फेऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक निव्वळ पायी होत्या. उरलेल्यांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त लोकल आणि बसने होत्या. मोटारीचा वाटा अगदी लहान. आता गेल्या तीस वर्षांत या प्रदेशात उड्डाणपूल किती झाले आणि धड चालता येईल असे पदपथ किती झाले, हे वाचकांनी स्वतः आठवून पाहावं. मोजणीत चूक नव्हती.

घरच्या सर्वेक्षणाला पडताळा म्हणून रस्त्यावर आणि स्टेशनांवर वेगळी मोजणी होते. प्रदेशाच्या वेशीवर गाड्या थांबवून चालकांना विचारतात. शिवाय प्रदेशातून काही आडव्या रेषा कल्पून त्या ओलांडणारं प्रत्येक वाहन आणि प्रत्येक गाडीतली माणसं मोजतात. मुंबईत या रेषा निसर्गानेच आखून दिल्या आहेत. माहीमची खाडी, ठाण्याची खाडी, वसईची खाडी, उल्हास नदी: यांवरून जायला मोजकेच पूल आहेत, त्यामुळे चुकवून जाता येत नाही. सर्वेक्षणावरून काढलेला आकडा आणि पुलावर मोजलेला आकडा यांत फार फरक पडला तर कुठेतरी पाणी मुरतंय हे कळतं.

चार पायऱ्यांचं गणित

पुढचा भाग संगणकातल्या मॉडेलचा. जगभर बहुतेक ठिकाणी अजूनही चार पायऱ्यांची पद्धत वापरतात. ती 1950 च्या दशकात अमेरिकेत, डेट्रॉइट आणि शिकागो या शहरांच्या अभ्यासांत आकाराला आली. ती मोटारी आणि फ्रीवे यांच्या हिशोबाने घडली, हे विसरता कामा नये. विल्बर स्मिथच्या अहवालाने मुंबई बेटाच्या दोन्ही कडांनी जलद रस्ते सुचवले, त्याची मुळं तिथे आहेत.

पहिली पायरी: प्रत्येक झोनमधून किती फेऱ्या निघतील आणि प्रत्येक झोनकडे किती ओढल्या जातील. फेऱ्या निघतात घरांतून, म्हणून तिथे कुटुंबं, उत्पन्न, वाहनं पाहतात. फेऱ्या ओढल्या जातात नोकऱ्या, शाळा, बाजार, इस्पितळं यांच्याकडे. समजा, डोंबिवलीच्या एका झोनमध्ये दहा हजार कुटुंबं आहेत आणि सर्वेक्षणानुसार अशा कुटुंबातून रोज कामासाठी सरासरी दीड माणूस बाहेर पडतो. म्हणजे सकाळी पंधरा हजार फेऱ्या निघाल्या. अजून कुठे, ते ठरलेलं नाही.

दुसरी पायरी त्या फेऱ्या वाटून देण्याची. जिथे नोकऱ्या जास्त तिकडे ओढ जास्त, जिथे पोचायला त्रास जास्त तिकडे ओढ कमी. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सूत्राशी साम्य असल्यामुळे याला गुरुत्व मॉडेल म्हणतात. त्या पंधरा हजारांपैकी काही ठाण्याला, काही अंधेरीला, काही फोर्टला, बरेच जण डोंबिवलीच्याच एमआयडीसीत, अशी वाटणी होते. इथे फक्त सूत्रावर भिस्त ठेवली तर फसगत होते. मुंबईत माणूस घर सहज बदलत नाही. भाड्याचं जुनं घर, मुलांची शाळा, गावकीची माणसं जवळ असणं, यामुळे नोकरी विरारवरून कांजूरला गेली तरी तो विरारलाच राहतो आणि दोन तास प्रवास करतो. सूत्राला हे कळत नाही. सर्वेक्षणातल्या खऱ्या जोड्या वापरून त्याला शिकवावं लागतं.

तिसरी पायरी साधनाच्या निवडीची. डोंबिवलीहून अंधेरीला जायचं आहे. दादरला गाडी बदलून जाता येतं. 2014 पासून घाटकोपरला उतरून मेट्रोने जाता येतं. मोटारसायकलनेही जाता येतं. मॉडेल प्रत्येक पर्यायाचा ‘खर्च’ काढतं: तिकीट, गाडीत बसल्याची मिनिटं, वाट पाहण्याची मिनिटं, चालण्याची मिनिटं. वाट पाहण्याचं एक मिनिट गाडीतल्या मिनिटापेक्षा जास्त जड धरतात, साधारण दुपटीने. मग मिनिटांचे रुपये करतात. महिन्याला चोवीस हजार मिळवणारा माणूस दोनशे तास काम करत असेल तर त्याचा तास एकशेवीस रुपयांचा, मिनिट दोन रुपयांचं. मेट्रोने पंधरा मिनिटं वाचली तर ती त्याला तीस रुपयांची झाली. जादा तिकीट त्याहून कमी असेल तर तो मेट्रो घेईल, असं मॉडेल म्हणतं. प्रत्यक्षात त्याच्या खिशात दादरमार्गे अंधेरीचा लोकलचा मासिक पास असतो. एकदा पास काढला की पुढची प्रत्येक फेरी त्याला फुकट वाटते, आणि मेट्रोचं तिकीट रोज खिशातून जाताना दिसतं. मुंबईत कोणत्याही नव्या साधनाच्या प्रवाशांचा अंदाज करताना या स्वस्त पासाचं वजन धरलं नाही तर अंदाज फुगतो.

चौथी पायरी मार्गाची. आता त्या फेऱ्या प्रत्यक्ष रुळांवर आणि रस्त्यांवर चढवतात. प्रत्येकाने सर्वात कमी खर्चाचा मार्ग धरला की तो मार्ग तुंबतो, त्याचा वेळ वाढतो, म्हणून काहींना दुसरीकडे वळवतात, पुन्हा वेळ काढतात. कोणालाही मार्ग बदलून फायदा उरत नाही तोवर हे फेरफार चालतात. शेवटी प्रत्येक रस्त्यावर किती वाहनं आणि प्रत्येक मार्गिकेवर किती माणसं हे आकडे येतात. मेट्रोसाठी यातला एक आकडा कळीचा: गर्दीच्या एका तासात, गर्दीच्या दिशेने, सर्वात भरलेल्या टप्प्यावर किती प्रवासी. डबे किती, किती मिनिटांनी गाडी, भुयार की उन्नत, मेट्रो हवी की बस पुरेल, हे सगळं त्या एका आकड्याभोवती फिरतं.

डोंबिवलीचे बरेच प्रवासी आधी उलटं कल्याणला जातात, जागा धरतात आणि त्याच गाडीने परत डोंबिवलीवरून मुंबईकडे जातात. सर्वात कमी वेळेचा मार्ग शोधणाऱ्या गणितात हे बसत नाही. लोकलमध्ये गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा-सोळा माणसं उभी असतात, अशी नोंद रेल्वेच्या प्रकल्पांच्या कागदपत्रांत आहे. अशा गर्दीत बसायला मिळणं हीच एक किंमत असते आणि माणूस ती वेळेत मोजतो. अलीकडच्या मॉडेलांत गर्दीच्या त्रासाला वेगळं वजन देतात. ते किती द्यायचं यावर तज्ज्ञ भांडतात, आणि भांडावंच.

जिन्याला मॉडेलमध्ये जागा नाही

मॉडेलमध्ये स्टेशन म्हणजे एक बिंदू. दोन रेषा त्या बिंदूत मिळाल्या की माणूस एका रेषेवरून दुसरीवर गेला, फार तर त्याला पाच मिनिटं लागली. खरं स्टेशन म्हणजे फलाटाची रुंदी, जिना, पूल, तिकीट खिडकी, बाहेरचा रस्ता. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो जून 2014 मध्ये सुरू झाली आणि दोन्ही रेल्वेंना आडवं जोडणारा 11 किलोमीटरचा दुवा मिळाला. प्रवासी त्यावर आले. पण ते सगळे घाटकोपरच्या त्याच जुन्या फलाटांवर आणि पुलांवर उतरले, आणि ती जागा रेल्वेची होती.

याहून कटू उदाहरण परळचं आहे. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या पुनर्विकासाला वाट दिली, 2001 च्या बदलाने ती रुंद झाली. लोअर परळ आणि एल्फिन्स्टन रोडभोवती काचेच्या इमारती उठल्या. गिरणीकामगार बहुतेक आसपासच्या चाळींत राहत आणि चालत कामावर जात. नव्या कचेऱ्यांतली माणसं लोकलने येऊ लागली. जमिनीचा नियम नगरविकास खात्याने बदलला, पादचारी पूल रेल्वेकडे राहिला. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि 23 माणसं गेली. नंतर नवा पूल सैन्याने काही महिन्यांत उभा केला. म्हणजे अडचण तंत्राची नव्हती, वेळेचीही नव्हती.

नोकऱ्यांचा तक्ता

आजचं चित्र मॉडेलने बरोबर उभं केलं, पुलांवरचे आकडे जुळले, की भविष्याकडे वळतात. वीस-पंचवीस वर्षांपुढचं एक क्षितिज-वर्ष धरतात. सूत्रं तीच, आत घालायची माहिती नवी: त्या वर्षी कुठल्या झोनमध्ये किती माणसं राहतील आणि कुठल्या झोनमध्ये किती नोकऱ्या असतील. माझ्या मते सगळ्या आराखड्याचा जीव या दोन तक्त्यांत असतो. बाकीचं गणित कितीही चोख असलं तरी ते तक्त्यांनी सांगितलं तेच मोठ्या आवाजात सांगतं.

लोकसंख्येचा तक्ता त्यातल्या त्यात बरा, कारण जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांचे कल हळू बदलतात. तरी कुठे किती हे चकवतं. 2001 ते 2011 या काळात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 33 लाखांवरून 31 लाखांच्या खाली आली आणि ठाणे जिल्ह्याची 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेली. त्यानंतरची जनगणना 2021 मध्ये व्हायला हवी होती. ती आता 1 मार्च 2027 या संदर्भ-तारखेने होते आहे. म्हणजे मधल्या काळात केलेलं सगळं नियोजन 2011 च्या आकड्यांना अंदाजाचे टेकू लावून झालेलं आहे.

नोकऱ्यांचा तक्ता खरा नाजूक. नोकरी कुठे येईल हे ठरतं जमिनीच्या किमतीवर, एफएसआयवर (म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्यावर), सरकारच्या एखाद्या निर्णयावर. 1965 मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. राज्य सरकारच्या कचेऱ्याच पलीकडे न्याव्यात, मागून बाकीचे येतील, असा त्यातला तर्क होता. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबई उभी राहिली. पण मंत्रालय होतं तिथेच राहिलं, बेलापूरला कोकण भवन गेलं, आणि त्याच दशकात नरिमन पॉइंटला समुद्र हटवून कचेऱ्यांचे मनोरे चढत होते. एका आराखड्याने नोकऱ्या पूर्वेला मांडल्या आणि त्याच सरकारच्या दुसऱ्या हाताने त्या दक्षिणेला ठेवल्या.

आणखी एक गुंता आहे. रस्ता झाला की जमीन बदलते, जमीन बदलली की नवी वाहतूक येते. घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभे असलेले टॉवर रस्त्यामुळे आले आणि आता रस्ता त्यांच्यामुळे तुंबतो. चांगलं मॉडेल हा वळसा मोजतं: वाहतुकीचं उत्तर घेऊन पुन्हा घरांच्या आणि नोकऱ्यांच्या तक्त्याकडे जातं. बहुतेक ठिकाणी वेळ आणि पैसा संपतो आणि तक्ता एकदाच भरला जातो. मग नव्या पुलाचा फायदा कागदावर वीस वर्षं टिकतो. रस्त्यावर त्याच्या खूप आधी संपतो.

कोणता प्रकल्प आधी

क्षितिज-वर्षाची गर्दी आजच्या जाळ्यावर चढवली की नकाशा लाल होतो. मग पर्याय तपासतात: ही मार्गिका घातली तर काय, बस वाढवल्या तर काय, काहीच केलं नाही तर काय. प्रत्येकाचा खर्च आणि लाभ मांडतात. 2017 च्या केंद्रीय मेट्रो धोरणानुसार मेट्रोच्या प्रस्तावाचा समाजाला होणाऱ्या लाभाचा दर, ज्याला आर्थिक परतावा म्हणतात, किमान 14 टक्के दिसावा लागतो. आणि या लाभाचा मोठा हिस्सा असतो वाचलेल्या वेळेचा. लाखो माणसांची दहा-दहा मिनिटं गुणिले मिनिटाचा दर. मघाशी पाहिलं तसा दर उत्पन्नावरून काढला, तर मोटारीतल्या माणसाचं मिनिट फलाटावरच्या माणसाच्या मिनिटापेक्षा महाग ठरतं आणि पुलाचं पारडं आपोआप जड होतं. सगळ्यांचं मिनिट एकाच भावाने धरायचं का, हा तांत्रिक वाटणारा प्रश्न खरं तर राजकीय आहे आणि तो परिशिष्टात कुठेतरी सुटलेला असतो.

प्रवाशांचा अंदाज करणाऱ्याला प्रकल्प व्हावा अशी इच्छा असेल तर आकडा वर सरकतो, हेही जगभर दिसतं. चेंबूर-वडाळा मोनोरेल 2014 मध्ये सुरू झाली, 2019 मध्ये पुढे सातरस्त्यापर्यंत गेली. प्रवासी अंदाजाच्या आसपासही फिरकले नाहीत आणि सप्टेंबर 2025 मध्ये सुधारणांसाठी ती थांबवावी लागली.

क्रमाचं तर काही विचारूच नका. मुंबई मेट्रोचा 146 किलोमीटरचा बृहत् आराखडा सरकारने 2004 मध्ये स्वीकारला, पहिल्या मार्गिकेची पायाभरणी 2006 मध्ये झाली, आणि कुठे काय हवं हे सांगणारा सर्वंकष अभ्यास पूर्ण झाला 2008 मध्ये. उत्तर आधी छापलं, प्रश्नपत्रिका नंतर आली. उलट 1994 च्या अभ्यासातून निघालेल्या रेल्वेच्या कामांना, म्हणजे बारा डब्यांच्या गाड्या आणि वाढीव मार्गिका असलेल्या ‘एमयूटीपी’ला (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला), जागतिक बँकेचं कर्ज मंजूर व्हायला 2002 उजाडलं. या प्रकल्पाने रुळांलगतच्या झोपड्यांतल्या सुमारे एक लाख माणसांचं पुनर्वसन केलं. त्यांतले बरेच मानखुर्द आणि वाशी नाक्याच्या वसाहतींत गेले आणि पूर्वी चालत कामावर जाणारी माणसं बसची वाट पाहू लागली. पुनर्वसनाने नव्या फेऱ्या जन्माला येतात, हे प्रकल्पाच्या ताळेबंदात क्वचित दिसतं.

नवी मुंबईकडे जाणारा रस्त्याचा पूल खाडीवर 1973 मध्ये झाला. मानखुर्दहून वाशीला रेल्वे गेली 1992 मध्ये, तीही सिडकोने खर्चाचा दोन तृतीयांश भार उचलल्यावर. इथे एक चांगला धडा आहे आणि तो पुरेसा गिरवला गेला नाही: रेल्वे आली की जमिनीचा भाव वाढतो, तो भाव ज्याच्या पदरात पडतो त्यानेच रेल्वेचा खर्च द्यावा. सिडकोकडे जमीनही होती आणि नियोजनही, म्हणून ते जमलं. उरलेल्या प्रदेशात जमिनीचा लाभ बिल्डरकडे जातो आणि मेट्रोचं कर्ज सरकारकडे राहतं.

हे सगळं पाहिल्यावर आराखड्यातल्या कल्पना मरत का नाहीत हेही कळतं. विल्बर स्मिथच्या काळात पश्चिम किनाऱ्याने काढलेली रेघ 2009 मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू म्हणून आणि 2024 मध्ये सागरी किनारा मार्ग म्हणून प्रकटली. पूर्वेची 2013 मध्ये पूर्व मुक्त मार्ग म्हणून. साठच्या दशकात मोटारींसाठी आखलेल्या रेघांना पैसा मिळाला. दरम्यान बेस्टचा ताफा साडेचार हजारांच्या वर होता तो तीन हजारांच्या खाली आला, आणि बससाठी राखीव मार्गिका सुचवली जाऊनही बहुतांशी कागदावरच राहिली. बसला एकाच गोष्टीचा शाप आहे: तिची पायाभरणी करता येत नाही.

आता वाचकांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. वाहतूक अभ्यासावर हरकती मागवण्याचं कायदेशीर बंधन नाही. प्रादेशिक आराखड्यावर आणि महापालिकेच्या विकास आराखड्यावर ते आहे, 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने. म्हणून हरकत तिथे घ्यायची. आपल्या दारावरून जाणारी रेघ बहुतेक जण पाहतात, तीवर बोलतात. ते योग्यच आहे. पण त्याआधी नोकऱ्यांचा तक्ता मागा. कुठल्या भागात कोणत्या वर्षी किती नोकऱ्या धरल्या आहेत, आणि त्या वर्षापर्यंत तिथे पोचायला रेल्वे, मेट्रो की बस, काय तयार असेल आणि ते कोण बांधणार, हे लेखी विचारा. उत्तर आलं नाही, तर ती हरकत म्हणून नोंदवा.